घरी बांधलेला ध्वनिवर्धक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे पाठवले तेव्हा मी कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या दरवाज्यांवर गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. समोर बसलेल्या काही मंडळींनी ते इतक्या वेळा ऐकले आहे की, मी मध्येच थांबलो तर पुढचे वाक्य तेच पुरे करतील. म्हणून विषय कळवताना मी 'घरी बांधलेला ध्वनिवर्धक' असे लिहून टाकले. त्यावर चालकांपैकी एकांचा दूरध्वनी आला. गणेशोत्सवातल्या आवाजाच्या मर्यादेवर बोलणार का, असे त्यांनी विचारले. तोही विषय चांगला आहे. पण तो दुसऱ्या कोणाला तरी द्यावा.

मी बोलणार आहे ते या टेबलावर ठेवलेल्या दोन पेट्यांविषयी. लहान पेटीत ट्रान्सफॉर्मर आहे. मोठीच्या पाठीवर अंगठ्याएवढ्या तीन काचेच्या नळ्या उभ्या आहेत, त्या मागच्या रांगेतूनही दिसत असतील. आमच्या संघटनेच्या कचेरीतल्या मागच्या खोलीत, गुरुवारच्या सुट्टीत, मी आणि चार तरुण पोरे अशा पाच जणांनी मिळून या पेट्या बांधल्या. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, हे आपणांस ठाऊक आहेच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली, ती रविवारची होती. आमच्या वाट्याला गुरुवार आला. तरी सुट्टी ती सुट्टी. मी इंजिनिअर नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचे जे काही शिकलो ते जुन्या बाजारात मिळालेल्या पुस्तकांवर आणि चार जाणत्या माणसांच्या शिव्या खाऊन. तेव्हा सभेत कोणी जाणकार बसले असतील त्यांनी माझ्या चुका सभेनंतर मला जरूर सांगाव्यात. मी वहीत लिहून घेईन.

आधी हे यंत्र करते काय, ते सांगतो. लाँगप्ले तबकडीच्या खाचेतून सुई धावते. सुईच्या दांडीला चिमुकला चुंबक असतो, तो हलला म्हणजे शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. ती किती असते? सुमारे ५ मिलिव्होल्ट. विजेरीत आपण दीड व्होल्टचा सेल घालतो, त्याचा हा ३००वा भाग. एवढ्याशा विजेने कर्ण्याचा पडदा हलत नाही. तेव्हा कर्णा हलवणाऱ्या मोठ्या ध्वनिवर्धकाच्या अगोदर आणखी एक लहान ध्वनिवर्धक लागतो. इंग्रजीत त्याला प्रीअॅम्प्लिफायर म्हणतात. कोणी पूर्ववर्धक म्हणावे, मी नुसते प्रीअॅम्प म्हणेन. आमची मुलेही तेच म्हणतात.

त्याचे दुसरेही एक काम आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. तबकडीत आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो. खर्जाचा स्वर पुऱ्या जोराने कोरला तर खाच इतकी वळसे घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात. उलट तारस्वर उचलून कोरतात, कारण तबकडीची खरखर त्याच भागात असते आणि वाजवताना तो भाग पुन्हा खाली आणला की खरखरही त्याच्याबरोबर खाली जाते. पूर्वी प्रत्येक कंपनीचे हे प्रमाण निराळे असे. १९५४ साली अमेरिकेतल्या तबकडी-उत्पादकांच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि पुढे सगळे जग त्यावर आले. मधल्या स्वरांच्या मानाने अगदी खालच्या खर्जाला प्रीअॅम्पने दहापट उचलावयाचे आणि अगदी वरच्या स्वराला दहापट खाली ओढावयाचे. हे काम दोन-तीन रेझिस्टन्स आणि दोन-तीन कंडेन्सर करतात, त्यांची किंमत चहाच्या एका फेरीहून जास्त नाही. पण त्यांची मूल्ये चुकली तर गवयाला पडसे झाल्यासारखे वाटते.

आता या काचेच्या नळ्या. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली हवा काढलेल्या काचेच्या फुग्यात एक तापणारी तार आणि एक पत्रा ठेवून विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप केली. इंग्रजीत व्हॉल्व्ह म्हणजे झडपच. दोन-तीन वर्षांतच डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थाने त्या दोहोंमध्ये तारेची जाळी बसवली आणि तिथून ध्वनिवर्धनाचे युग सुरू झाले. जाळीचे काम समजावयाला आपल्या पवना धरणाचा दरवाजा आठवा. एक माणूस हाताने चाक फिरवतो आणि हजारो माणसांचे पाणी कमीजास्त होते. पाण्याचा जोर त्या माणसाच्या दंडातला नसतो, तो धरणात साठलेला असतो. तसेच इथे. जोर भिंतीतल्या विजेचा असतो. सुईतून आलेली ५ मिलिव्होल्टची थरथर जाळीवर बसते आणि त्या जोराला फक्त वळण लावते.

१९४७च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर निघाला आणि या नळ्यांचे दिवस भरले. तरी आपल्याकडे त्या बराच काळ टिकल्या. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह करावयाला सुरुवात केली तीच मुळी १९६०नंतर. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली निघाले, आणि १९५५-५६ साली तिथून आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची छप्पन गाणी लागली. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींचा गळा घराघरात पोचला तो केंद्रावरच्या आणि ऐकणाऱ्यांच्या घरातल्या काचेच्या नळ्यांतून. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजाऱ्याच्या ओट्यावर बसत. माझा जन्म त्यानंतर पंधरा वर्षांचा, परंतु आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायका हे इतक्या तपशिलाने सांगत की, मीच तिथे बसलो होतो असे मला वाटते.

माझे वडील १९७२च्या दुष्काळात माणदेशातून पिंपरीला आले. पिंपरी कॅम्पात, म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली तिथे, रेडिओ दुरुस्तीचे एक दुकान होते. आठवी-नववीत असताना सुट्टीत मी तिथे फडके मारावयाला जाई. दुकानाचे मालक वयस्क सिंधी गृहस्थ, आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांचे मराठी मोडके होते, पण कान शाबूत होता. बिघडलेला रेडिओ ते आधी उघडत नसत. चालू करीत, डोळे मिटून दोन मिनिटे ऐकत आणि मग कोणता भाग गेला ते सांगत. एकदा सकाळपासून बंद असलेल्या एका जुन्या मर्फी रेडिओत मी बोट घातले आणि स्टुलावरून उडून मागच्या फळीवर आदळलो. दादांनी मला उठवले, पाणी पाजले आणि म्हणाले, "बेटा, बंद म्हणजे रिकामा नव्हे." मग त्यांनी मला तो नियम शिकवला. उघड्या यंत्रात काम करताना एक हात पँटीच्या खिशात ठेवावयाचा. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि वाटेत काळीज असते.

हा नियम आजही तेवढाच खरा आहे. या लहान पेटीत ट्रान्सफॉर्मर २०० व्होल्ट देतो, डायोडांमधून गेल्यावर कंडेन्सरांवर ते २८० व्होल्टच्या आसपास साठते. स्विच बंद केल्यावरही ते तिथेच बसून राहते. आम्ही त्या कंडेन्सरांच्या दोन टोकांमध्ये एक मोठा रेझिस्टन्स कायमचा जोडून ठेवला आहे, तो मिनिटाभरात साठा उतरवतो. तरीही हात घालण्यापूर्वी मीटर लावून शून्य पाहावयाचे, असा आमच्या खोलीचा दंडक आहे. कोणी घरी हे बांधणार असेल तर बाकीचे सगळे विसरले तरी चालेल, एवढे विसरू नये.

आता कोणी विचारील, एवढी उठाठेव कशासाठी? नखाएवढ्या आयसीने हेच काम होते, शिवाय स्वस्तात आणि जास्त स्वच्छ होते. हे मला मान्य आहे. 'व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो' असे म्हणणारी पुष्कळ मंडळी भेटतात. मला त्या उबेचा मोठासा भरवसा नाही, निदान पैसे मोजावे इतका तरी नाही. माझे कारण निराळे आहे आणि ते चाकणमध्ये आहे.

आमच्या चौघा मुलांपैकी एक गाडीतल्या तारांच्या जुडग्याला क्लिपा लावतो. पट्टा सरकत येतो, पन्नास-पंचावन्न सेकंदांत तीन क्लिपा लावावयाच्या की जुडगा पुढे जातो. दुसरा एक काळी बंद पेटी चार स्क्रूंनी गाडीत बसवतो. पेटीत काय आहे म्हणून मी त्याला विचारले. तो म्हणाला, "काका, उघडली तर नोकरी जाईल." दोन वर्षे तो रोज शेकडो पेट्या बसवीत होता. आयटीआय झालेला हुशार मुलगा. ओहमचा नियम त्याला पाठ होता. पण रेझिस्टन्स कसा तापतो ते बोटाला कधी कळले नव्हते. व्हॉल्व्हचे यंत्र असे आहे की, त्यातला प्रत्येक भाग चिमटीत धरता येतो, त्याची तार कुठून कुठे गेली ते डोळ्याने दिसते आणि साध्या मीटरने प्रत्येक सांध्यावर किती दाब आहे ते मोजता येते. आत काही झाकलेले नाही. म्हणून मी व्हॉल्व्ह धरला. आमच्या संघटनेतले एक जुने सहकारी यावर रागावले होते. माणसे कामावरून कमी होताहेत आणि तुम्ही खेळणी करीत बसला आहात, असे ते मला कार्यकारिणीत म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्या खोलीत मी जे गुरुवार घालवले त्यांतले काही बैठकांचे होते.

ट्रान्सफॉर्मर आम्ही स्वतः गुंडाळला. भोसरीत मोटार भरून देणाऱ्यांची दुकाने आहेत, त्यांतल्या एकाने त्याचे हाताने फिरवावयाचे यंत्र सुट्टीच्या दिवशी आम्हांला वापरू दिले. एक चौरस इंच छेदाचा पत्र्यांचा गाभा घेतला. एवढ्या गाभ्याला एका व्होल्टमागे सुमारे सात वेढे लागतात. म्हणजे २३० व्होल्टसाठी १६१० वेढे. २०० व्होल्टच्या बाजूला १४००, वर तुटीचे पाच टक्के धरून १४७०. नळ्यांच्या तापतारांसाठी ६.३ व्होल्ट, त्याला अवघे ४७ वेढे, पण तार जाड. पहिल्या खेपेला नऊशेच्या पुढे कुठेतरी एकाचा मोबाइल वाजला आणि मोजणी हरवली. "अंदाजे धरू या" असे एकाने सुचवले. ज्याच्या हाताखाली तार होती त्याने एक अक्षर न बोलता सगळी तार उलटी सोडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. तो परभणीकडचा मुलगा. बोलावयाला थोडा, घरी वारकरी परंपरा, गावाकडे रोजच्या भजनात टाळ धरणारा. त्याच्याविषयी पुढे येईल.

पत्र्याची पेटी एका शीटमेटलवाल्याने वाकवून दिली. सुटे भाग बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणले. नवे व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये तयार होतात आणि इथे मागवता येतात. परंतु एक व्हॉल्व्ह मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाला, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्क्याचा. पहिल्या दोन नळ्या ईसीसी ८३ जातीच्या आहेत. या जातीच्या एकेका नळीत दोन-दोन व्हॉल्व्ह असतात. त्यांतला प्रत्येक, २५० व्होल्टच्या पुरवठ्यावर आणि १ लाख ओहमच्या रेझिस्टन्सवर, थरथर पन्नास-पंचावन्न पटीने वाढवतो. अशा दोन पायऱ्या एकापुढे एक लावल्या, आणि मध्ये ते खर्ज-तार सारखे करणारे भाग आले की त्यांत बरेचसे खर्ची पडते. शेवटी हाती शंभर-सव्वाशे पट उरते. म्हणजे सुईच्या ५ मिलिव्होल्टचा झाला अर्धा व्होल्ट, आणि तेवढा पुरतो. तिसरी नळी ईसीसी ८२, जुन्या बाजारातली. ती वाढवीत काही नाही. पुढच्या लांब तारेतून आवाज रेटावयाला तिचा खांदा लागतो.

कोणता व्हॉल्व्ह पहिल्या जागी लावावयाचा हे पेन्सिलीने ठरवावे लागते. यंत्र चालू असताना काचेवर हलकेच टिचकी मारावयाची. काही नळ्यांतली जाळी सैल असते, ती कर्ण्यातून घंटेसारखी वाजते. अशी नळी मागच्या जागी चालते. पुढे चालत नाही, कारण पुढे जे वाजेल ते मागची नळी पन्नास पटीने वाढवणार.

डाख देणे मुलांना लवकर साधले. एकदा जमले की हात विसरत नाही. तारा जोडून झाल्या, मीटरने सगळे दाब तपासले, पहिल्या नळीच्या पत्र्यावर १६०च्या वर व्होल्ट आले, म्हणजे हिशेब जमला. मग आम्ही भीमसेन जोशींची एक तबकडी लावली. आवाज आला. मी खोटे बोलणार नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आले. मुलांनी ते पाहिले आणि भिंतीकडे बघत राहिले. सगळे खूष होते. परभणीचा मुलगा तेवढा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "काका, तंबोरा उतरलाय."

मी म्हटले, अरे, भीमसेनांचा तंबोरा कसा उतरेल? त्याने उठून सुई वर उचलली. गाणे थांबले, आणि तंबोरा चालूच होता! आम्ही सगळे ज्याला तंबोऱ्याचा खर्ज समजत होतो ती भिंतीतल्या विजेची गुणगुण होती. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आंदोलने घेते, तिला कुठल्याही पट्टीची पर्वा नसते.

पुढचे चार महिने त्या गुणगुणीच्या मागे गेले. सगळे यंत्र दोन महिन्यांत उभे राहिले होते आणि एक घूं काढावयाला चार महिने. यात नवशिक्याने शिकण्यासारखे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिली नळी काढून पाहिली, गुणगुण गेली. म्हणजे चोर पहिल्या नळीपाशी किंवा तिच्याही अलीकडे. मग आम्ही दादांची एक युक्ती केली. यंत्र चालू असताना तापतारांची वीज क्षणभर तोडावयाची. नळी तापलेली असते, त्यामुळे ती आणखी काही सेकंद काम करीत राहते. त्या काही सेकंदांत गुणगुण तत्काळ थांबली तर दोष तापतारांचा. आम्ही तोडली, तर गुणगुण अर्धी झाली, अर्धी राहिली. म्हणजे चोर दोन निघाले. तापतारांना सरळ वीज देऊन एक पकडला. दुसरा मात्र सापडेना. पृथ्वीच्या तारा सुट्या करून सगळ्या एका खिळ्याशी आणल्या, काही उपयोग नाही. शेवटी एका गुरुवारी परभणीच्या मुलाने ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढून तो हातात धरला आणि, एक हात खिशात ठेवून, हळूहळू फिरवावयाला लागला. काटकोनात आला की गुणगुण बारीक होई, सरळ झाला की वाढे. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व थेट सुईकडून येणाऱ्या तारांत शिरत होते. म्हणून तो निराळ्या पेटीत काढून दोन फूट दूर ठेवला. ही दुसरी पेटी आमच्या मूळ आराखड्यात नव्हती, ती त्याच्या कानामुळे आली.

आता एक गोष्ट सांगतो, ती या पेटीतली नव्हे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दाराशी चहाच्या टपरीवर एक शिकाऊ मुलगा माझ्याजवळ आला. प्रेसवर काम करीत होता. प्रेसला दोन बटणे असतात आणि दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय दट्ट्या खाली येत नाही. हेतू असा की दट्ट्या येताना दोन्ही हात बटणांवर असावेत, साच्यात नसावेत. रेडिओच्या कामात एक हात खिशात आणि प्रेसच्या कामात दोन्ही हात गुंतलेले, कारण दोन्हीकडे एकच. तर तो मुलगा अगदी हळू आवाजात मला म्हणाला की, त्यांच्या ओळीत एक बटण पट्टी लावून कायमचे दाबून ठेवले आहे, माल लवकर निघावा म्हणून. आसपास चार माणसे बोलत होती, रस्त्यावर ट्रक होते. मी ऐकले, वहीत लिहिले आणि पंधरा दिवसांनी व्हावयाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते सातव्या क्रमांकाला घातले. नवव्या दिवशी त्या प्रेसवर दुसऱ्या एका मुलाची दोन बोटे गेली. कारखान्याची चूक होती, त्याचे जे व्हावयाचे ते पुढे झाले. पण पहिल्यांदा ते माझ्या कानावर आले होते. ५ मिलिव्होल्ट असतील, पण आले होते. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी माझीच गुणगुण चालू होती. वेतनकरार तोंडावर आला होता आणि मला टक्क्यांशिवाय दुसरे काही ऐकू येत नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या वहीत एक पान निराळे आहे, त्यावर लिहिलेले त्याच दिवशी पुढे कळवावयाचे. रागावलेल्या त्या सहकाऱ्यांना मी एवढेच म्हणालो की, गुरुवारी आमच्या खोलीत ही मुले डाख देता देता जे बोलतात ते ती दरवाजासभेत कधी बोललेली नाहीत. हात कामात असला आणि नजर सांध्यावर असली की माणूस हळू आवाजातले बोलतो. गेल्या वर्षभरात त्या पानावर अकरा नोंदी झाल्या, त्यांतल्या आठ त्या टेबलापाशी झाल्या. त्यांपैकी काहींचे काम झाले, काहींचे अजून व्हावयाचे आहे. बैठकीचे काही गुरुवार बुडाले हे खरेच आहे, आणि त्याचा हिशेब सहकाऱ्यांनी मागितला तर मी देईन.

परभणीच्या मुलाचे कंत्राट दर सहा महिन्यांनी नवे होत असे. गुणगुण सापडली त्यानंतरच्या महिन्यात ते नवे झाले नाही. कारण कोणी सांगितले नाही, त्यांना सांगावे लागत नाही. संघटनेने पत्र दिले, उत्तर आले नाही, प्रकरण अजून चालू आहे. जाण्याच्या आदल्या गुरुवारी तो आला आणि उजव्या बाजूचे राहिलेले सगळे डाख त्याने पुन्हा तपासले. तबकडीला डावी आणि उजवी अशा दोन वाटा असतात, त्यांतली उजवी पूर्ण त्याच्या हातची आहे. डावी बाकीच्या तिघांची. झाकण उघडून पाहिलेत तर फरक कळेल. त्याच्या तारा काटकोनात वळलेल्या आहेत, आमच्या वाट फुटेल तशा गेल्या आहेत.

महिन्याभराने आम्ही त्याला दूरध्वनी लावला आणि यंत्र ऐकवले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, डावीकडे अजून उतरलेलाच आहे." आम्हांला तर काहीच ऐकू येत नव्हते. सुई उचलली, आवाज पुरा वाढवला, कर्ण्याला कान लावला, तेव्हा कुठे डाव्या कर्ण्यात एक बारीकशी घूं कळली. मोबाइलमधून ती त्याला कशी ऐकू आली हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित आमच्या तारा कशा आहेत ते त्याला ठाऊक होते म्हणून त्याने अंदाजाने म्हटले असेल. आम्ही ती अजून शोधतो आहोत.

तो सध्या गावाकडे सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर आहे. आज इथे यावे असे त्याला कळवले होते, परंतु मालकाने सोडले नाही. म्हणून त्याला दूरध्वनी लावून तो इथे कर्ण्याशेजारी ठेवला आहे. मी बोलावयाला उभा राहिलो तेव्हापासून तो ऐकतो आहे, तेव्हा माझ्या चुका त्यालाही कळल्या असतील.

आता यंत्र चालू करतो. नळ्या तापावयाला अर्धा मिनिट लागेल. तेवढ्यात कोणी कृपा करून ते दोन पंखे बंद करता का? आणि डाव्या बाजूला बसलेल्या मंडळींनी, सुई टेकवण्यापूर्वी, जरा कान देऊन सांगावे.